कव्हर पलटून बघ ना यार!

जॅझ म्हटलं की आपल्याकडे लोकांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटाला वाटतं की हॉटेलच्या लॉबीत लिफ्टची वाट बघताना कानावर पडतं ते टुंईटुंई म्हणजे जॅझ. दुसरा गट मान कलती करून, डोळे मिटून, 'फिफ्टी-नाइनचा माइल्स... आहाहा!' असं काहीतरी पुटपुटतो आणि पहिल्या गटाला आणखी दोन मैल लांब पळवतो. आजचा हा कॉलम मधल्या मंडळींसाठी. म्हणजे कुठेतरी, कधीतरी सॅक्सोफोनचा एखादा तुकडा ऐकून ज्यांच्या पोटात काहीतरी हललंय, पण पुढे काय ऐकायचं, कोणाला विचारायचं हे कळत नाही, असे आपण. जाणत्याला विचारावं तर तो शंभर नावं तोंडावर फेकतो. अ‍ॅपला विचारावं तर ते 'रिलॅक्सिंग कॉफी जॅझ' नावाची आठ तासांची प्लेलिस्ट पुढ्यात आणून टाकतं. आणि त्यात कोण वाजवतंय ते बऱ्याचदा शोधूनही सापडत नाही.

जॅझमध्ये कोण वाजवतंय हाच तर सगळा मामला आहे, बॉस!

आपल्याकडे नवा माणूस भेटला की काय होतं? आडनाव काय, मूळ गाव कुठलं, म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण... पाच मिनिटांत नातं निघतंच निघतं. जॅझचे आल्बम शोधायचा फंडा अगदी हाच. आल्बम आवडला की कव्हर पलटायचं, मागे वाजवणाऱ्यांची नावं असतात, त्यातलं एक उचलायचं आणि त्याच्या घरी जायचं.

प्रॅक्टिकल करून बघू. सगळे सुरुवात करतात तिथूनच सुरुवात करा, त्यात लाजायचं काही नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी चर्च असलेल्या एका इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. १९५९ मध्ये २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत हा आल्बम तिथे रेकॉर्ड झाला. कव्हर पलटा. ट्रम्पेटवर माइल्स. टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, अल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली. पियानोवर बिल इव्हान्स, फक्त एका ट्रॅकवर विंटन केली. बेसवर पॉल चेम्बर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. झाली सात नावं. म्हणजे सात दारं!

बिल इव्हान्सचं दार उघडा. आत दोन वर्षांनंतरचा एक रविवार आहे, २५ जून १९६१. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब. इव्हान्सबरोबर बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशियन. त्या एका दिवसाच्या रेकॉर्डिंगमधून दोन आल्बम निघाले, 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. हेडफोनवर ऐकलंत तर ग्लासांची किणकिण ऐकू येते, लोक चक्क गप्पा मारताहेत! आणि स्टेजवर बेस नुसता मागे उभा राहून ठेका धरत नाही, पियानोशी भांडतोय, त्याला चिडवतोय, मधेच त्याचं वाक्य पुरं करतोय. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो कार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने जाहीरपणे वाजवू शकला नाही. हे माहीत झाल्यावर ती किणकिण वेगळीच ऐकू येते. त्या ग्लासवाल्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना.

कॅननबॉलच्या दारातून गेलात तर 'समथिन एल्स' भेटेल, १९५८ चा. गंमत म्हणजे इथे कॅननबॉल मालक आणि माइल्स त्याच्याकडे पाहुणा. कंपनी ब्लू नोट. ही कंपनी चालवणारे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघे बर्लिनहून अमेरिकेत आलेले. आणि रेकॉर्डिंग कुठे, तर न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या हॉलमध्ये! हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात जगातली सर्वांत सुंदर जॅझ रेकॉर्डिंग्ज करायचा. शनिवार-रविवार 'साइड प्रोजेक्ट' करणाऱ्या तमाम आयटीवाल्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. ब्लू नोटची ती फेमस कव्हरं करणाऱ्या रीड माइल्सची तर आणखी मजा. त्याला जॅझमध्ये फारसा रस नव्हता! मिळालेल्या रेकॉर्ड्स देऊन तो क्लासिकलच्या घ्यायचा म्हणे. म्हणजे आज ज्या कव्हरांचे टी-शर्ट घालून आपण फिरतो, ती ज्याने केली त्याला आत काय आहे याच्याशी फार देणंघेणं नव्हतं. असो.

तर सांगायचा मुद्दा, एका आल्बमपासून वर्षभराचं ऐकणं निघतं. पण एकट्याने हे करायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दारापाशी दम लागतो. लोकलमध्ये कानात बोंडं घालून, समोरच्याचं कोपर बरगडीत झेलत 'अ लव्ह सुप्रीम' ऐकता येतं, नाही असं नाही. (मी ऐकलाय. मुलुंड ते दादर, पार्ट टूपर्यंत पोचले.) पण ऐकून झाल्यावर शेजारच्याला 'तो मघाचा भाग काय होता रे?' असं विचारायला कोणीतरी लागतं.

म्हणून आमचा एक कट्टा आहे. ठाण्यात एकाच्या वन बीएचकेमध्ये, एक रविवार सोडून एक. सहा जण. बँकेतला एक, दोघं सॉफ्टवेअरवाले, एक डेन्टिस्ट, एक अकाउण्टण्ट आणि मी. नियम तीनच. एका संध्याकाळी एकच आल्बम, दोन्ही बाजू. मधे फोन नाही. आणि आल्बम आणणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही! हा तिसरा नियम सगळ्यात अवघड. आपण आणलेली रेकॉर्ड वाजत असताना समोरचा भिंतीवरच्या पालीकडे बघतोय, हे वीस मिनिटं गप बसून सोसणं म्हणजे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमापेक्षा वाईट. एलपीची बाजू संपली की उठून पलटावी लागते, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत लोकांच्या चेहऱ्यावरून निकाल कळतो. सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एकाने ऑर्नेट कोलमनचा 'द शेप ऑफ जॅझ टू कम' लावला तेव्हा बँकवाला पहिल्या बाजूनंतर चहा करायला गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी त्यानेच स्वतःहून विचारलं, 'तो परत लावतोस का?' कोणत्या अ‍ॅपला जमणार आहे हे?

हे आमचं काही ओरिजिनल नाही हं. जपानमध्ये 'जॅझ किस्सा' नावाचा प्रकार कित्येक दशकं चालू आहे. किस्सा म्हणजे चहा-कॉफीचं दुकान. परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाला परवडायची नाही, म्हणून लोक एका कॉफीवर तासन् तास बसून मालकाच्या रेकॉर्ड्स ऐकायचे. योकोहामातलं 'चिगुसा' १९३३ मध्ये सुरू झालं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात रेकॉर्ड्ससकट खाक झालं आणि मालकाने ते पुन्हा उभं केलं. पुढे जगभर नाव काढलेली पियानिस्ट तोशिको अकियोशी तरुणपणी तिथे जाऊन ऐकायची, शिकायची. लेखक हारुकी मुराकामीसुद्धा कादंबऱ्या लिहायच्या आधी बायकोबरोबर टोकियोत जॅझ कॅफे चालवायचा. सोव्हिएत रशियात तर त्याहून पुढची मजल. बंदी असलेलं संगीत लोक टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मवर कोरून घ्यायचे, म्हणजे कोणाच्या तरी बरगड्यांवर सुई फिरायची! आपल्याकडे एवढी वेळ आली नाही. पण कुमारांच्या, किशोरीताईंच्या प्रायव्हेट बैठकीच्या कॅसेटी ज्या घरांत गुपचूप हातोहात फिरल्या, त्या घरांतल्या पोरांना हे वेड समजावून सांगायला नको.

आणि मुंबईला तर जॅझ परका कधी नव्हताच. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवायला आला, पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे पियानोवाले आले, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेली पोरं त्यांच्याकडून हे सगळं उचलायला लागली. त्यातलाच एक चिक चॉकलेट. ट्रम्पेटवाला, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. 'अलबेला' (१९५१) मध्ये हा गडी आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. संगीत कोणाचं? आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. आजीच्या रेडिओवरची गाणी नीट ऐका, मागे ट्रम्पेट कोण फुंकतंय ते बघा. तिथेही कव्हर पलटायचा फंडा चालतो, फक्त त्या काळच्या कव्हरवर बिचाऱ्या वादकांची नावं क्वचितच छापायचे.

या फंड्याने आमच्या डेन्टिस्टला सापडलेला सगळ्यात भारी माणूस म्हणजे अमान्सिओ डिसिल्वा. ती जो हॅरियट नावाच्या जमैकाहून लंडनला गेलेल्या सॅक्सोफोनवाल्याच्या मागावर होती. त्याचा १९६९ चा एक आल्बम निघाला, नाव 'हम दोनो'! आम्हाला वाटलं देव आनंद. तर नाही, हॅरियट आणि मुंबईत वाढलेला आपला गोंयकार गिटारिस्ट डिसिल्वा, असे 'दोनो'. त्यात एक ट्रॅक आहे, 'बॅलड फॉर गोवा'. लंडनच्या स्टुडिओत बसून कोणाला तरी गोव्याची आठवण येते आणि ती पन्नासहून अधिक वर्षांनी ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकच्या आवाजात आपल्यापर्यंत पोचते. त्या दिवशी दोन्ही बाजू संपल्यावर कोणी काहीच बोललं नाही. शेवटी अकाउण्टण्ट म्हणाली, 'बाबांना हे माहीत होतं का, काय माहीत.'

आता या बाबांबद्दल सांगायलाच हवं.

अकाउण्टण्टचे बाबा गोदीत नोकरीला होते. जहाजांवरच्या लोकांकडून, फोर्टातल्या फुटपाथवरून, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (बंद झालं २०१६ मध्ये, अजून तिथून जाताना जीव हळहळतो) असं करत करत त्यांनी ३१२ एलपी जमवल्या. निम्म्या जॅझच्या. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. माहीमची त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेण्टला गेली आहे, आणि नवं घर मिळेपर्यंत मायलेकी भाड्याच्या जेमतेम वन बीएचकेमध्ये राहणार. ३१२ एलपी म्हणजे एक अख्खं कपाट. शिवाय वजन असं की टेम्पोवाल्याने 'ह्यात काय लाद्या आहेत का ताई?' असं विचारलं. काकूंचं म्हणणं साफ होतं. 'चाळीस वर्षं मी त्यांच्यावरची धूळ पुसली. एकदाही मला विचारलं नाही त्यांनी, तुला काय ऐकायचंय म्हणून. आता पुरे.' यावर काय बोलणार? मला विचाराल तर काकूंचं शंभर टक्के बरोबर आहे. आपल्याकडचं हे रेकॉर्डप्रेम बऱ्याचदा घरातल्या बाईच्या फडक्यावर उभं असतं आणि त्याबद्दल एकही लायनर नोट लिहिली जात नाही.

जुन्या रेकॉर्ड्सचा एक व्यापारी येऊन बघून गेला. सगळ्यांचा मिळून एकच भाव सांगितला. पण काही त्याने बाजूला काढल्या, 'ह्या चालणार नाहीत.' का? तर मागच्या कव्हरवर बॉलपेनने नाव लिहिलंय. आता मुंबईतल्या जुन्या एलपींवर नाव नसेल तरच नवल! मित्राला द्यायची तर नाव घालूनच द्यायची, नाहीतर कुठली परत यायला. पण गिऱ्हाईकाला कव्हर कोरं लागतं.

त्या बाजूला काढलेल्या गठ्ठ्यात चार रेकॉर्ड्सवर बाबांचं नाव नव्हतंच. दुसऱ्यांची होती. आणि कपाटाच्या तळाला एक लांबडी वही मिळाली. गोदीतल्या हिशेबाच्या वहीसारखीच, आडव्या रेघा मारून दोन रकाने पाडलेले, 'नेलं' आणि 'आणलं'. तारीख, आल्बम, माणसाचं नाव किंवा नुसती आद्याक्षरं. १९७१ पासून पुढे. 'आणलं'च्या खाली तारीख पडली की ती ओळ लाल शाईने खोडलेली. न खोडलेल्या ओळी अकरा.

आम्ही ती वही कट्ट्यावर मधोमध ठेवून वाचली. त्या संध्याकाळी आल्बम लावलाच नाही, नियम मोडला. कोण कोणाकडून काय शिकलं ते त्यात दिसतं. एकाच माणसाने आधी बेनी गुडमन नेला, मग काउण्ट बेसी, मग चार्ली पार्कर दोनदा, मग सहा महिने काहीच नाही, आणि मग थेट कोल्ट्रेन. हा माणूस सहा महिने काय करत होता? लग्न, बहुतेक. १९७८ मध्ये नोंदी अचानक धडाधड वाढतात. कारण उघड आहे, त्या वर्षी मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली. निरंजन झवेरींनी सुरू केलेल्या या महोत्सवासाठी धोबीतलावच्या रंगभवनात खुद्द सनी रॉलिन्स वाजवून गेला. पवईत ऑफिस असलेल्यांनो, जरा ऐका. हा रॉलिन्स त्याच्या दहा वर्षं आधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, तुमच्या पवईत येऊन राहिला होता! तिथल्या आश्रमात योग आणि वेदान्त शिकत होता. न्यूयॉर्कमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन रियाज करणारा माणूस तो, पवईही त्याला मानवली असणार. तुम्ही लंच अवरमध्ये तळ्याकडे बघत सॅण्डविच खाता ना, तेव्हा एकदा त्याचं स्मरण करा.

चार परक्या रेकॉर्ड्सपैकी एक रॉलिन्सचीच. 'सॅक्सोफोन कोलोसस', १९५६ चा आल्बम. मागे एक गोव्याचं नाव, धोबीतलावच्या एका कुडाचा पत्ता आणि '१९७८'. कूड म्हणजे मुंबईत नोकरीसाठी आलेल्या गोंयकारांची गाववार राहण्याची जागा, त्यातली काही अजून चालू आहेत. अकाउण्टण्ट ऑडिटच्याच जिद्दीने तिथे जाऊन पोचली. तिथल्या म्हाताऱ्या केअरटेकरला नाव आठवलं. त्याने गावच्या कोणालातरी फोन लावला, त्याने आणखी कोणाला, आणि तिसऱ्या दिवशी मडगावहून हिच्या मोबाइलवर फोन. अंकल ऐंशीच्या पुढचे, आवाज खणखणीत.

'तू त्याची मुलगी? मग ऐक. माझा रॉलिन्स तुझ्या बाबाकडे आहे, बरोबर? पण त्याचा एलिंग्टन माझ्याकडे आहे. मी देणं लागत नाही काही!'

वहीत बघितलं. न खोडलेल्या अकरा ओळींतली सातवी. 'द फार ईस्ट स्वीट', ड्यूक एलिंग्टन. १९६३ मध्ये एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा भारतात आला होता, मुंबईतही वाजवून गेला. त्या दौऱ्यातून पुढे हा आल्बम निघाला. त्यात दिल्लीत ऐकलेल्या एका मैनेची शीळसुद्धा आहे, क्लॅरिनेटवर. बाबांनी तो आल्बम दिला आणि त्या बदल्यात रॉलिन्स आणला, नंतर बदली, लग्नं, पोरंबाळं, आणि अंकल गोव्याला परत गेले. तेव्हापासून दोघांकडे एकमेकांची एकेक रेकॉर्ड. दोघांनाही ते पक्कं ठाऊक होतं, असं अंकलचं म्हणणं. 'दर ख्रिसमसला कार्ड यायचं त्याचं. खाली लिहायचा, ड्यूक कसा आहे?'

ही हसत हसत फोन ठेवून बराच वेळ बाथरूममध्ये होती.

आता हिशेब असा झालाय. फिल्मी, डिस्को आणि इन्स्ट्रुमेण्टलच्या रेकॉर्ड्स व्यापाऱ्याने नेल्या, त्या पैशातून टेम्पो आणि भाड्याच्या डिपॉझिटचा थोडा भार निघाला. जॅझच्या आम्ही सहा जणांनी आपापल्या घरी वाटून घेतल्या, विकत नाही, सांभाळायला. माझ्याकडे सव्वीस आल्या आहेत, पलंगाखाली. कोणाकडे कुठली ते त्याच वहीत, त्याच दोन रकान्यांत, पुढच्या पानापासून लिहिलंय. नावं घालायची की नाही यावर वाद झाला. बँकवाला म्हणाला, रीसेल व्हॅल्यू जाईल. मग त्यानेच पहिल्यांदा पेन काढलं. काकूंनी स्वतःसाठी एकच ठेवून घेतली, आणि ती जॅझची नाही, माणिक वर्मांची आहे. 'ही माझी. ही मी घेतली होती,' एवढंच म्हणाल्या.

उरलेल्या तीन परक्या रेकॉर्ड्सच्या मालकांचा शोध चालू आहे. एकाचा पत्ता गिरगावातल्या ज्या चाळीचा होता तिथे आता टॉवर आहे.

रॉलिन्स कुरियरने पाठवू का, असं विचारल्यावर अंकल भडकले. बारा इंचांची वस्तू, कुरियरवाले वाकवतील, आणि एलिंग्टनचं काय, तो कोण नेणार? तर पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येची आमची तीन तिकिटं आहेत, दोन कन्फर्म आणि एक आरएसी. काकूही येताहेत. त्यांना फक्त मंगेशीला जायचंय, हे त्यांनी दोनदा बजावून सांगितलंय.